पत्र्याच्या डब्याला घाबरलेले जनरल

सरकारं कवीला घाबरतात, पत्रकाला घाबरतात, कॉलेजातल्या पोरांच्या घोषणांना घाबरतात, हे आपण ऐकलेलं असतं. पण गोधडीला घाबरलेलं सरकार कधी ऐकलंय का? जळून गेलेल्या बल्बपासून केलेल्या दिव्याला? ऑइलच्या रिकाम्या डब्याला कान जोडून केलेल्या मगाला?

१९६५ साली हे घडलं. रोमच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या गोरगरिबांच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंचं एक प्रदर्शन व्हायचं होतं. सगळी तयारी झाली होती. आणि ऐन उद्घाटनाच्या तोंडावर ब्राझील सरकारनं ते रद्द करायला लावलं. आदल्याच वर्षी तिथे लष्करानं सत्ता बळकावली होती. इटलीतले नामवंत वास्तुसमीक्षक ब्रुनो झेवी यांनी यावर लेख लिहिला. गरिबांच्या कलेची जनरलांना भीती वाटते, असा त्याच्या मथळ्याचा अर्थ होता.

या वस्तू गोळा करून त्या संग्रहालयात मांडायच्या, ही कल्पना एका आर्किटेक्ट बाईची. तिचं नाव लीना बो बार्दी. जन्मानं इटालियन, पुढे ब्राझीलची नागरिक झालेली. एका आयुष्यात दोन हुकूमशाह्या तिच्या वाट्याला आल्या; एक माहेरी, एक सासरी म्हणा हवं तर.

हुकूमशाहीतला कलावंत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोनच चित्रं येतात. एक तुरुंगात गेलेला, दुसरा दरबारात जाऊन बसलेला. मधे कुणी असतं की नाही? बहुतेक माणसं तर मधेच असतात. घर चालवतात, मिळेल ते काम करतात, आणि त्या कामात आपलं म्हणणं कुठे घुसवता येईल ते बघतात. लीनाची गोष्ट अशा मधल्या जागेची आहे आणि म्हणून मला ती जास्त खरी वाटते.

ती जन्मली ५ डिसेंबर १९१४ रोजी, रोममध्ये. मुसोलिनी सत्तेवर आला १९२२ मध्ये, म्हणजे तेव्हा ती सात वर्षांची. तिचं सगळं शिक्षण, सगळं तरुणपण त्या राजवटीत गेलं. बाईनं भरपूर पोरं जन्माला घालावीत, हे तेव्हाचं सरकारी धोरण. जास्त मुलं असलेल्या आयांना बक्षिसं मिळत, लग्न न करणाऱ्या पुरुषांवर कर बसवलेला. १९३५ मध्ये अ‍ॅबिसिनियाच्या युद्धासाठी सरकारनं देशातल्या बायकांकडून चक्क त्यांच्या लग्नाच्या अंगठ्या मागितल्या. १८ डिसेंबरला राणीनं आपली अंगठी दिली, मग बायकांच्या रांगा लागल्या. सोन्याच्या बदल्यात हातात पोलादी अंगठी. आपल्याकडे कुणी देशासाठी मंगळसूत्र उतरवून द्या म्हटलं तर कसं वाटेल, तसंच ते. या अंगठ्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

अशा वातावरणात ही मुलगी रोमच्या वास्तुकला महाविद्यालयात शिकत होती. तिथे दबदबा मार्चेल्लो पिआचेन्तीनी यांचा. मुसोलिनीचे लाडके आर्किटेक्ट. मोठमोठे खांब, संगमरवर, समोर उभं राहिलं की माणसाला आपण मुंगी आहोत असं वाटावं, अशी सगळी बांधणी. १९३९ मध्ये लीनानं पदवीसाठी जो प्रकल्प केला, तो होता बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांसाठीच्या केंद्राचा. सरकारला आयांच्या संख्येत रस होता; त्या आयांना टेकायला, अंघोळीला, बाळ ठेवायला जागा कशी असावी, याचा विचार या मुलीनं केला.

पदवी घेऊन ती मिलानला गेली. पण दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. बांधकाम कोण काढणार? बांधलेलंच कोसळत होतं. मग तिनं काय केलं? मासिकांसाठी चित्रं काढली, फर्निचरच्या कल्पना काढल्या, जिओ पॉन्ती या नावाजलेल्या आर्किटेक्टच्या हाताखाली काम केलं. 'ग्रात्सिया' नावाच्या बायकांच्या साप्ताहिकात घराच्या मांडणीबद्दल लिहिलं. हो, आपल्या या पानासारख्याच पानावर! पुढे 'दोमुस' या मोठ्या वास्तुकला-मासिकाच्या संपादनापर्यंत ती पोहोचली. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात तिचं ऑफिस उद्ध्वस्त झालं. युद्ध संपल्यावर एका छायाचित्रकाराला बरोबर घेऊन ती इटलीभर हिंडली आणि कोसळलेली घरं नोंदवत गेली. नवी आर्किटेक्ट, आणि पहिली मोठी कामगिरी कुठली, तर ढिगाऱ्यांची मोजदाद!

१९४६ मध्ये तिनं पिएत्रो मारिया बार्दी या कलासमीक्षकाशी लग्न केलं. तो तिच्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठा. इथे एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हा पिएत्रो एकेकाळी फॅसिस्ट पक्षाचा माणूस होता. १९३१ मध्ये त्यानं मुसोलिनीला उद्देशून पुस्तिका लिहिली होती, की आधुनिक वास्तुकलेला राजमान्यता द्या. नव्या राजवटीला नवी वास्तुकला शोभेल, अशी त्याची समजूत. अशी समजूत करून घेणारे हुशार लोक प्रत्येक देशात, प्रत्येक काळात असतातच. राजवट काही बदलली नाही, तिनं पिआचेन्तीनींचे खांबच पसंत केले. लीनाच्या आयुष्यात सगळे हात स्वच्छ होते असं म्हणून तिची आरती मला करायची नाही.

त्याच वर्षी दोघं बोटीनं ब्राझीलला गेली. तिथल्या वृत्तपत्रांचा अनभिषिक्त सम्राट आसिस शातोब्रियां यानं पिएत्रोला साओ पावलो शहरात कलासंग्रहालय उभारायला बोलावलं. श्रीमंतांना गोडीनं, दमानं पैसे द्यायला लावायचे आणि युद्धानंतर युरोपात स्वस्त झालेली चित्रं विकत घ्यायची, हा त्याचा धडाका. संग्रहालय १९४७ मध्ये भाड्याच्या नव्हे तरी दुसऱ्याच कामासाठी बांधलेल्या, त्याच्या वृत्तपत्रांच्या इमारतीत सुरू झालं. १९५१ मध्ये लीना ब्राझीलची नागरिक झाली. त्याच वर्षी तिनं शहराबाहेरच्या रानात स्वतःचं घर बांधून पुरं केलं. बारीक खांबांवर उचललेलं, काचेच्या भिंतींचं, मधल्या पोकळीतून झाड वर आलेलं. लोकांनी त्याला 'काचेचं घर' नाव दिलं. सुंदर आहे, पण मला विचाराल तर तिचं खरं काम इथून पुढे सुरू होतं.

१९५८ मध्ये ती व्याख्यानांसाठी सल्वादोर या ईशान्येकडच्या शहरात गेली आणि त्या भागानं तिला धरूनच ठेवलं. हा ब्राझीलचा सगळ्यात गरीब भाग. दुष्काळी. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचा. तिथे तिला आधुनिक कला संग्रहालय उभारायचं काम मिळालं. त्यासाठी तिनं समुद्रकाठची, उसाच्या मळेवाल्यांच्या काळातली एक जुनी पडीक वास्तू निवडली, सोलार दो उन्याँव. ती दुरुस्त करताना आत एक लाकडी जिना बांधला. चौकोनात गोल फिरत वर जाणारा, आणि त्यात एकही खिळा नाही. बैलगाडीच्या लाकडांची जोडणी असते ना, खाच आणि पाचर, तसा. मोठ्या संग्रहालयाच्या मधोमध गाडीवाल्या सुताराची विद्या!

१९६३ मध्ये तिथलं पहिलं प्रदर्शन भरलं. नाव 'नोर्देस्त', म्हणजे ईशान्य. मातीची मडकी, ठिगळं जोडून शिवलेल्या गोधड्या, देवाला नवस फेडताना वाहिलेले लाकडी हातपाय, टाकाऊ डब्यांचे मग, गेलेल्या बल्बचे दिवे. बघायला आलेल्यांत ज्यांच्या घरी हेच सगळं होतं ते लोकही असणार. त्यांना काय वाटलं असेल? आपल्या आज्या शाईच्या दौतीला भोक पाडून, वात घालून चिमणी करायच्या. ती कुणी काचेच्या कपाटात न ठेवता मानानं मांडली असती तर त्यांना कसं वाटलं असतं?

लीनाला मात्र 'लोककला' हा शब्द आवडायचा नाही. त्यात कौतुकाचा गोडवा असतो, गरिबीचं लोणचं घालून ठेवणं असतं. तिचं म्हणणं वेगळं होतं. हातात काहीच नाही अशा माणसानं काहीतरी शोधून काढलं, तर ते डिझाइन आहे, बुद्धी आहे. देशाच्या कारखानदारीनं परदेशी नकला करण्याऐवजी इथून शिकायला हवं. त्यासाठी तिथे एक शाळा काढायचा तिचा बेत होता. कारागीर आणि विद्यार्थी एकाच छपराखाली, कारागिरानं शिकवायचं आणि विद्यार्थ्यानं शिकायचं, आणि उलटही.

आता जनरलांची भीती थोडी कळते. दारिद्र्याची लाज वाटली असेलच. पण ज्याला आपण अडाणी म्हणतो तो विचार करतो, हे एकदा मान्य केलं, की त्याला मतही असणार, त्याला विचारावंही लागणार. हुकूमशाहीला ते कसं परवडावं?

१९६४ मध्ये लष्कर आलं. शाळेचा बेत तिथेच मेला. लीनाला सल्वादोर सोडावं लागलं. पुढच्या वर्षी रोमचं प्रदर्शनही गेलं.

आणि अंगठ्या? १९६४ च्या मे महिन्यात शातोब्रियांच्या वृत्तपत्रसमूहानं मोहीम काढली, 'ब्राझीलच्या भल्यासाठी सोनं द्या'. लोकांनी लग्नाच्या अंगठ्या आणून दिल्या. रोममध्ये एकविसाव्या वर्षी बघितलेलं लीनानं वयाच्या पन्नाशीला साओ पावलोत पुन्हा बघितलं. देश दुसरा, भाषा दुसरी, गणवेश दुसरा, आणि हात पुन्हा बायकांच्या बोटांकडेच आलेला. तेही कुणाच्या कागदांतून, तर ज्याच्या संग्रहालयाची नवी इमारत ती स्वतः बांधत होती त्याच्या! ती काम सोडून गेली नाही. सोडायला हवं होतं, असं कुणी म्हणू शकेल. मला तसं म्हणवत नाही. त्याचं कारण त्या इमारतीतच आहे.

साओ पावलोच्या पावलिस्ता या श्रीमंत हमरस्त्यावरची ती जागा. तिथून खालच्या शहराचा देखावा दिसायचा आणि तो अडवायचा नाही अशी अट होती. लीनानं काय केलं, तर अख्खं संग्रहालयच जमिनीवरून उचललं. दोन्ही टोकांना प्रचंड खांब, त्यांवर तुळया आणि त्यांना लटकलेली काचेची पेटी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सत्तर मीटरहून जास्त अंतर, मधे एकही आधार नाही. खाली आठ मीटर उंच सावली. सगळी मोकळी जागा. फाटक नाही, तिकीट नाही. आज तिथे रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, मोर्चे जमतात, २०१३ च्या मोठ्या आंदोलनातही लोक तिथे जमले होते. पिआचेन्तीनींच्या शिष्येनं बांधलेली ही इमारतही अवाढव्यच आहे. पण तिनं त्या अवाढव्यपणातला मधला भाग लोकांना देऊन टाकला.

वरचा मजला तर आणखी मजेचा. भिंतीवर चित्रं टांगण्याऐवजी तिनं सिमेंटच्या ठोकळ्यात उभी काच रोवली आणि त्या काचेवर चित्र लावलं. एका मोठ्या दालनात व्हॅन गॉग, रेन्वा, सेझान हवेत उभे असल्यासारखे. चित्रकाराचं नाव कुठे? मागच्या बाजूला. आधी चित्र बघा, आवडलं तर फिरून मागे जा आणि कुणाचं ते वाचा. मोठ्या नावानं माणूस दबून जातो, ते तिला टाळायचं होतं. आपण नाही का, दुकानात आधी किमतीची चिठ्ठी बघतो आणि मग साडी आवडली नाही म्हणतो? १९९६ मध्ये पुढच्या व्यवस्थापनानं या काचा काढून टाकल्या आणि नेहमीसारख्या भिंती घातल्या. २०१५ मध्ये त्या परत आणल्या.

इमारतीचं उद्घाटन झालं नोव्हेंबर १९६८ मध्ये, इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांच्या उपस्थितीत. १३ डिसेंबरला लष्करी सरकारनं 'पाचवा संस्थात्मक कायदा' आणला. संसद बंद. राजकीय गुन्ह्यांत अटक झाली तर कोर्टाकडे दाद मागायचा हक्कही गेला. छळाचे, बेपत्ता होण्याचे ते दिवस. आणि या दिवसांत, १९६९ मध्ये, लीनानं नव्या संग्रहालयात पहिलं तात्पुरतं प्रदर्शन कुठलं भरवलं? 'ब्राझीलच्या लोकांचा हात'. तीच मडकी, त्याच गोधड्या, तेच डबे, तेच दिवे. रोममध्ये जे होऊ दिलं नाही ते तिनं देशातल्या सगळ्यात श्रीमंत रस्त्यावर, व्हॅन गॉग ज्या इमारतीत आहे तिथेच नेऊन मांडलं. भाषण नाही, घोषणा नाही. मला विचाराल तर याला धाडस म्हणतात.

पुढची वर्षं वाईट गेली. मोठं काम जवळजवळ नाहीच. नाटकांचे सेट केले, एका नाटकाच्या सेटसाठी शहरातल्या पाडापाडीचा राडारोडा उचलून आणला. १९७६ पासून उबेरलांदिया गावात एक छोटं चर्च बांधायला घेतलं, पैसे इतके कमी की वस्तीतल्या बायका, पोरं, पुरुष सगळ्यांनी मिळून हात लावला. बासष्ट वर्षांची झाली ती. आपल्याकडे या वयात 'आता नातवंडं सांभाळा' असं सांगतात.

आणि १९७७ मध्ये सेस्क या संस्थेनं तिला पोंपेया भागात बोलावलं. सेस्क म्हणजे व्यापारी कंपन्यांच्या पगारखर्चावरच्या वर्गणीतून चालणारी, नोकरदारांसाठीची संस्था. जागा कुठली, तर पत्र्याची पिंपं बनवणारा एक जुना कारखाना. तो पाडून नवी इमारत बांधावी, असा आधी विचार होता. लीना पहिल्यांदा गेली तेव्हा शेड रिकामी होती, तिनं बांधकाम तपासलं. दुसऱ्यांदा शनिवारी गेली. बघते तर गर्दी! मुलं धावतायत, गळक्या छपराखालच्या पाण्यात पोरं फुटबॉल खेळून हसतायत, आया खाणं भाजतायत, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ चाललाय. तिनं ठरवलं, हे सगळं जसंच्या तसं राहायला हवं. आपण फक्त छप्पर नीट करू आणि थोडी भर घालू.

एका आर्किटेक्टला हे सुचणं किती अवघड आहे ते लक्षात घ्या. नवीन बांधलं तर नाव होतं. आहे ते राखलं तर लोक विचारतात, मग तुम्ही काय केलंत?

तिनं ऑफिसच तिथे, बांधकामाच्या जागेवर थाटलं. कारखान्याच्या विटा राहू दिल्या, गिलावा काढून उघड्या केल्या. आत वाचनालय, मातीकामाच्या आणि इतर कार्यशाळा, स्वस्त जेवणाचं भोजनगृह, नाट्यगृह. मोठ्या दालनाच्या फरशीतून नागमोडी पाण्याचा पाट काढला, नदीसारखा, आणि शेजारी शेकोटी. कुणी तास-दोन तास नुसतं बसलं तरी चालेल. म्हातारे बुद्धिबळ खेळतात, पोरं पाण्यात पाय घालतात, कुणी पेपर तोंडावर घेऊन झोपतं. 'तुमचं इथे काय काम?' असं विचारायला कुणी येत नाही. हा पहिला भाग १९८२ मध्ये उघडला, खेळांचे मनोरे १९८६ मध्ये. ते मनोरे दिसायला ओबडधोबड आहेत, खरं सांगायचं तर पहिल्यांदा फोटो बघून मला ते कुरूपच वाटतात. सिमेंटचे दोन उंच ठोकळे, एकाला खिडक्यांच्या जागी गुहेच्या तोंडासारखी वेडीवाकडी भोकं, त्यांना लाल लाकडी जाळ्या. मधून जमिनीखाली ओढा जातो, त्यावर बांधता येत नव्हतं, म्हणून दोन मनोरे वेगळे केले आणि हवेत पूल टाकून जोडले. ओढ्यावर लाकडी फळ्या टाकून ऊन खायची जागा केली. समुद्र नसलेल्या शहरात लोक तिथे टॉवेल पसरून झोपतात आणि तिला 'किनारा' म्हणतात.

मैत्रिणींनो, आपल्या गावात अशी जागा आठवून बघा. जिथे बाई एकटी, काही विकत न घेता, कुणाची वाट न बघता, देवदर्शनाचं निमित्त न करता तासभर बसू शकेल. बसस्टँडवर आपण बसतो ते गाडीसाठी, दवाखान्यात नंबरसाठी. लष्करी राजवट अजून संपलेली नसताना (ती १९८५ मध्ये संपली) या बाईनं कारखान्याच्या शेडमध्ये नुसतं बसायची सोय केली. चार माणसांनी एकत्र जमण्यावर ज्या देशात नजर होती, त्या देशात.

एक मात्र सांगायला हवं. लीनाला बायकांच्या पुरवणीतला हा लेख फारसा आवडला नसता. ती स्वतःला फेमिनिस्ट म्हणवून घ्यायची नाही, उलट तसं नाही असं ठणकावून सांगायची. पोर्तुगीज भाषेत आर्किटेक्टसाठी पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी असे दोन शब्द आहेत, ती मुद्दाम पुल्लिंगी वापरायची. 'बाई असूनही' हे कौतुक तिला नको असावं. ते मी समजू शकते. तरीही बाळंतिणीचं केंद्र, गोधडी, शनिवारी पोरांना घेऊन आलेल्या आया, हे सगळं तिला दिसलं, तिच्या बरोबरीच्या पुष्कळांना दिसलं नाही, हेही नोंदवायला नको का?

शेवटची काही वर्षं ती पुन्हा सल्वादोरला काम करत होती, बावीस वर्षांनी, जुन्या वस्तीतली पडकी घरं सावरायला. २० मार्च १९९२ रोजी ती त्या काचेच्या घरातच गेली. नाव खरं झालं ते मेल्यानंतर. २०२१ मध्ये व्हेनिसच्या वास्तुकला बिएनालेनं तिला जीवनगौरवाचा विशेष सुवर्णसिंह दिला, मरणोत्तर. म्हणजे माहेरानं दखल घेतली, एकोणतीस वर्षांनी. साओ पावलोच्या संग्रहालयानं शेजारी नवी इमारत बांधली तेव्हा तिला पिएत्रोचं नाव दिलं आणि जुनीला लीनाचं.

आणि २०१६ मध्ये त्या संग्रहालयानं १९६९ चं प्रदर्शन पुन्हा मांडलं, नाव तेच, 'ब्राझीलच्या लोकांचा हात'. मडकी आली, गोधड्या आल्या, नवसाचे लाकडी हातपाय आले. त्यांच्यात टाकाऊ पत्र्याच्या वस्तूही होत्या.